रिकामी कुंची

नवी मुंबईत थंडी पडते असं म्हटलं की गावाकडचे पाहुणे हसतात. हसू देत बापडे. वर्षातले मोजकेच दिवस का होईनात, पण सकाळी पारसिकच्या डोंगरावरून असा वारा उतरतो की जुईनगरच्या आमच्या सोसायटीचा वॉचमन खुर्ची उन्हात ओढतो आणि माकडटोपी चढवतो. मग ती टोपी साथीसारखी पसरते. दूधवाला, पेपरवाला, चालायला निघालेले रिटायर्ड लोक, सगळ्यांचे फक्त डोळे दिसायला लागतात. परवा खाली उभ्या असलेल्या एकाला मी वरच्या मजल्यावरचे सावंत समजून पार्किंगबद्दल चांगलं सुनावलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर निघाला.

लोकांना हे दिवस आवडतात. मलाही आवडायला हवेत. पण थंडी आली की आमच्या घरात एक जण वाढतो. तो बोलत नाही, रडत नाही, काही मागत नाही. आई पत्र्याच्या पेटीतले गरम कपडे बाहेर काढते आणि त्या ढिगाच्या तळातून तो वर येतो. आई त्याला गच्चीवर उन्हात ठेवते, ऊन कलेल तसं सरकवत राहते आणि संध्याकाळी छातीशी धरून खाली आणते. माझं सगळं आयुष्य हे बघण्यात गेलं, तरी जिन्यात ती अशी दिसली की माझ्या अंगावर काटा येतो.

तशी ती नुसती एक कुंची आहे. हिरव्या खणाची, लाल काठाची, आता बरीच विटलेली. आत कोणी नाही. आई मात्र तिच्यात जुन्या लुगड्याचा बोळा भरून ठेवते. रिकामी ठेवली तर खण घडीवर विरतो, असं तिचं म्हणणं. कारण खरंही असेल. पण गच्चीच्या कठड्यापाशी ती ठेवलेली असली की लांबून बघणाऱ्याला पाठमोरं बाळ बसलंय असंच वाटतं.

यंदा माझी मुलगी सई गच्चीवर फोटो काढायला गेली आणि धावत खाली आली.

"पप्पा, आजीकडे बाळाची हूडी आहे! कसली क्यूट आहे! कोणाची आहे?"

"हूडी नाही गं. कुंची म्हणतात तिला."

"म्हणजे काय?"

म्हणजे काय हे सांगणं सोपं होतं. कोणाची हे सांगणं नव्हतं. म्हणून मी सोप्यापासून सुरुवात केली.

टोपडं असतं ते डोक्यापुरतं. कान झाकले, हनुवटीखाली बंद बांधले, संपलं. कुंची तिथं थांबत नाही. ती डोक्यावरून मानेवर आणि मानेवरून पाठीवर उतरते, पार कमरेखाली जाते. बाळाला ज्या बाजूचा वारा कळत नाही, ती मागची सगळी बाजू ती सांभाळते. आमच्या माणदेशात ती खणाची शिवतात, आतून मऊ जुनेराचं अस्तर लावतात, कपाळावर मण्यांची झालर आणि मागं टोकाला गोंडा. आणि ती बाजारातून आणायची नसते. बारशाला आत्यानं आणायची असते. मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं, हे सईलासुद्धा माहीत आहे. कुंची घालण्याला असा कुठलाही वाकडा अर्थ नाही. कुंची बाळालाच घालतात, आणि बाळाला कोण फसवणार?

हा शब्द आला कुठून, हे मी बऱ्याच जणांना विचारलंय. ऑफिसातला माझा एक मित्र जतकडचा. त्याच्या घरात निम्मं कानडी बोलतात. तो म्हणाला, "अरे, हे तर आमचं कुंचिगी. तुम्ही शेपूट तोडून नेलंत." मला ते पटलं. आमच्या भागातल्या मेंढरांना आणि नवऱ्या मुलींना सरहद्द कधी फारशी कळली नाही, तशी ती शब्दांनाही कळली नसेल. कुठलीतरी सासुरवाशीण येताना बोचक्यात घेऊन आली असेल कुंचिगी, आणि इथं राहता राहता तिची कुंची झाली असेल. पण आमच्या शाळेतले संस्कृतचे मास्तर वेगळंच सांगायचे. त्यांच्या मते ही 'कंचुक'ची दूरची नात. कंचुक म्हणजे अंगावरचं आवरण, आणि सापानं टाकलेल्या कातीलाही तेच नाव. दोघांतलं खरं कोणाचं ते मला ठरवता येत नाही. अभ्यासक मित्राच्या बाजूनं असावेत. पण कात हा शब्द ऐकल्यापासून तो माझ्या डोक्यातून गेला नाही. आतला जीव निघून गेला आणि आकार तेवढा राहिला, ही गोष्ट मी लहानपणापासून दर हिवाळ्यात बघत होतो.

सईनं तोवर मोबाइलवर माकडटोपीचा शोध लावला होता. इंग्रजीत त्या टोपीला काळ्या समुद्राकाठच्या एका गावाचं नाव आहे, बालाक्लावा. तिथल्या लढाईत सैनिक थंडीनं गारठले, तेव्हा त्यांच्या देशातून लोकरीच्या टोप्या विणून पाठवल्या म्हणे. सईला मजा वाटली. मला त्या विणणाऱ्या बायका दिसायला लागल्या. टोपी पोचेपर्यंत ती घालायला तो असेल का, हे सुया हातात घेतलेल्या बाईला कुठं ठाऊक असतं? थंडीच्या कपड्यांचं हे असंच असतं. ते आधीच करून ठेवावे लागतात.

आणि आमच्याकडं नेमकं तेच करायचं नसतं.

पण त्याआधी घणसोलीतला तो हिवाळा. मी तेव्हा पहिलीत की दुसरीत होतो. वडील तुर्भ्याच्या मार्केटात गोणी वाहायचे आणि आम्ही घणसोली गावात एका आगरी घराच्या मागच्या भाड्याच्या खोलीत राहायचो. टॉवर अजून यायचे होते. खोलीमागं कापणी झालेली भातशेती, तिच्यापुढं खारफुटी आणि मग खाडी. सकाळी खाडीवरून धुकं यायचं, त्याला चिखलाचा आणि सुकटीचा वास असायचा. आई मला दिवाळीपासून शिमग्यापर्यंत लाल लोकरीची कानटोपी घालायची. दुपारी घाम फुटला तरी काढू द्यायची नाही. गावातली पोरं उघड्या डोक्यानं कैऱ्या पाडायला लागली तरी मी आपला टोपीत. घरमालकीण हसायची. "विलासच्या आये, पोराचा डोका शिजंल गो!" आई हसायची नाही. ती माझ्या हनुवटीखालचा बंद पुन्हा आवळायची.

त्या हिवाळ्यात एकदा आई नळावर गेली होती आणि कुंची खिडकीत उन्हाला ठेवलेली होती. मी आतला बोळा काढून खाटेवर ठेवला, माझी टोपी उतरवली आणि कुंची डोक्यावर ओढली. ती नुसती टाळूवर बसली. खणाला कापराचा वास होता. खिडकीच्या गजाला अडकवलेल्या आरशात मी बघितलं आणि का कोण जाणे, मला माझा चेहरा माझा वाटला नाही. तेवढ्यात दारात बादली पडल्याचा आवाज झाला.

"काढ," आई म्हणाली.

ती ओरडली नाही, मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं आधी तो बोळा उचलला, झटकला, कुंचीत नीट बसवला आणि बंद बांधले. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ती तुजी न्हाई."

"मग कुणाची?"

खोलीभर पाणी पसरलं होतं, ती ते पुसत बसली. पण मला जे कळायचं ते कळलं. आमच्यात अजून एक जण आहे, तो माझ्याहून लहान आहे आणि आईला त्याची माझ्याइतकीच काळजी आहे. त्या हिवाळ्यात मी झोपताना भिंतीकडची जागा सोडायला लागलो. भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर सोबतही वाटायची. गोधडीचं टोक तिकडं सरकवून मी डोळे मिटायचो आणि कान देऊन ऐकायचो. खाडीकडून टिटवी ओरडायची. बाकी काही ऐकू आलं नाही, पण मी ऐकायचं सोडलं नाही.

पुढची हकीकत मला एकदम कुणी सांगितली नाही. थोडी आजोळी कळली, थोडी लग्नघरात जेवणं झाल्यावरच्या गप्पांत. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. ऐन पौषात, माणदेशात, जिथं पहाटे रांजणातल्या पाण्यात हात घालवत नाही. त्याचा बारावा दिवस उजाडलाच नाही. गारठा बाधला, एवढंच सगळे सांगतात. म्हणजे तो माझ्याहून लहान नव्हता, मोठा होता. मीच त्याला ओलांडून पुढं आलो होतो.

आमच्याकडं बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. धागासुद्धा ओवायचा नाही. पहिले दिवस बाळाला दुसऱ्याच्या घरचं, धुऊन मऊ झालेलं जुनं घालायचं, आणि नवं जे काही ते बारशाला. पण माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, हातानं फार कसबी. तिनं कुंची आधीच शिवून आईकडं आणून ठेवली. बाळ गेलं आणि सगळ्या घराचं बोट त्या कुंचीकडं गेलं. आत्याला नाही नाही ते ऐकावं लागलं. पुढं माझं बारसं झालं तेव्हा तो मान आत्याचाच म्हणून तिला बोलावलं. ती आली, तिनं माझ्या कानात नाव सांगितलं, रीतीप्रमाणे बायकांचे पाठीत धपाटे खाल्ले, आणि ताटावर न बसता निघून गेली. कुंची आणली नाही. कुणी विचारलीही नाही.

नंतर तीही पोटामागं घणसोलीत आली. तिचा मुलगा मार्केटातच कामाला लागला. आम्ही जुईनगरच्या फ्लॅटमध्ये आलो, ती गावातच राहिली. रिक्षानं जायचं म्हटलं तर चहा गार व्हायच्या आत पोचू, इतकं अंतर. पण या दोघी भेटायच्या त्या लग्नाला नाहीतर मयताला. "बरं हाय का, वन्सं?" "बरं हाय, वैनी." संपलं. माझे वडील गेले तेव्हासुद्धा दोघी शेजारी बसून रडल्या, पण वेगवेगळ्या रडल्या.

यंदा थंडी सुरू झाली आणि आतेभावाचा फोन आला. आत्याला आता दिसत नाही, जिना उतरवत नाही, इथं दिवसभर बघायला कुणी नाही. तिला गावी नेऊन ठेवतोय, धाकट्या भावाकडं, कायमची. मी हे आईला सांगायला गच्चीवर गेलो. ती कुंचीशेजारी सतरंजीवर बसली होती. ऐकून घेतलं. मग कुंची उचलून मांडीवर ठेवली.

"घनसोलीला ने मला."

"रविवारी जाऊ की. सईलाही सुट्टी असते."

"आत्ताच ने, विलास. तिला त्येचं नाव ठाव हाय."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. आत्या नाव काढते आणि मनात ठेवते. बारशाला बाळाच्या कानात सांगेपर्यंत कुणाच्या कानावर ते जाऊ द्यायचं नसतं, आईच्यासुद्धा नाही. माझ्या भावाचं बारसं झालं नाही. म्हणजे त्याचं नाव या जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस आता डोळे गेलेली, गावी निघालेली एक म्हातारी होती.

"समद्यांच्या नावानं पित्रांत घास ठेवती मी," आई म्हणाली. "त्येचा बी ठेवती. पन काय म्हनून ठेवू? सोन्या, बाळ्या, ह्ये काय नाव हाय व्हय? कुत्र्यामांजराला बी नाव असतंया. ती गेली म्हंजी माज्या पोराचं नाव बी गेलं."

"मग इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

"कुठल्या तोंडानं इचारू?"

मला वाटलं, जुनं भांडण, म्हणून असं म्हणते. रिक्षात ठाणे-बेलापूर रस्त्याचा वारा आत येत होता आणि ती पदरानं झाकत होती, स्वतःला नाही, मांडीवरच्या कुंचीला. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि स्वतःहून गाडी हळू केली. मला त्याला काही सांगावंसं वाटलं नाही.

घणसोली गावात आता घरं आडवी वाढायला जागा नाही, म्हणून उभी वाढली आहेत. गल्लीत दुपारीही दिवे लागतात. आत्याची खोली लोखंडी जिन्यानं वर. आईला धरून धरून चढवलं. आत्या खिडकीपाशी खाटेवर बसली होती, अंगावर शाल, डोक्यावर मुलाची माकडटोपी. केवढीशी झाली होती ती! आवराआवरीसाठी रजा टाकून घरी थांबलेली सून चहा ठेवायला आत गेली. मी जाऊन पायाला हात लावला.

"कोन? इलास व्हय? आन् संगं कोन हाय?"

"मी हाय, वन्सं," आई म्हणाली आणि खाटेच्या कडेला टेकली. मग कुंची आत्याच्या हातात दिली.

आत्यानं झालर चाचपली. एकेक मणी बोटाखालून घेतला, मग काठाची शिवण, मग गोंडा. आत भरलेला बोळा हाताला लागला तेव्हा तिची बोटं क्षणभर थांबली. तिला सगळं कळलं असणार. ती म्हणाली, "माजीच हाय."

आईनं एका दमात बोलून टाकलं. वाटेत मनात घोळवत आली असावी. "वन्सं, कुंची मी मागितली हुती. सातवा म्हैना लागताच म्हनले मी तुमाला, थंडीचं पोर यील, आदीच शिवून ठिवा. तुमी नगं म्हनत हुता. मीच पाठ सोडली न्हाई. आन् मागनं समदी तुमाला बोलली तवा मी गप बसले."

कुठल्या तोंडानं विचारू, याचा अर्थ मला आता लागला. इतके हिवाळे ती गच्चीवर काय उन्हाला घालत होती, तेही कळलं. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. नुकती बाळंतीण झालेली, रिकाम्या कुशीची, सासरच्यांच्या घोळक्यात तोंड न उघडणारी एक पोर डोळ्यांसमोर आली.

आत्या म्हणाली, "मला काय ठाव न्हाई व्हय, कुनी मागितली ती?"

"मग तुमी बोलला का न्हाई?"

"तुला रोज त्यांच्यात भाकरी खायची हुती. मी काय, माज्या घरला जानार." तिनं टोपी जराशी वर सरकवली. "रडू नगंस, वैनी. म्हातारपनी बरं दिसत न्हाई."

आई रडतच होती. रडत रडत तिनं विचारलं, "नाव काय काढलं हुतं त्येचं?"

आत्यानं तोंड माझ्या बाजूला वळवलं. दिसत नव्हतं तिला, पण मी कुठं उभा आहे ते तिला बरोबर ठाऊक होतं.

"एकच काढलं हुतं गं," ती म्हणाली. "न्हऊ म्हैनं मनात घोळवलं. जात्यावर म्हनायचे, पानी शेंदताना म्हनायचे. त्यो गेला. मग दुसरा झाला, तवा दुसरं काढाया बसले, तर सुचंचना. तोंडात त्येच यायचं. बारशाला पाळन्यापशी वाकले तवाबी सुचलं न्हवतं. मग त्येच सांगितलं ह्येच्या कानात."

आईला कळायला वेळ लागला. मला लागला नाही.

"गेलेल्याचं नाव जित्याला दिलं, म्हनून परत मलाच बोलली असती समदी," आत्या म्हणाली. "आन् तू धसका घेतला असतास. ह्यो पोरगा टोपीबिगर हिंडला न्हाई कवा, आमी काय बघत न्हवतो व्हय? म्हनून न्हाई बोलले. जेवायला बी थांबले न्हाई. बसले असते तर तोंडातनं निगून गेलं असतं."

म्हणजे शाळेच्या दाखल्यावर, रेशन कार्डावर, लग्नाच्या पत्रिकेवर मी जे मिरवलं ते आधी त्याचं होतं. त्याच्या कुंचीला हात लावू दिला नव्हता मला, आणि नाव मात्र रोज अंगावर होतं. आईनं घणसोलीच्या गल्लीत, नळावरून, गच्चीवरून दिवसातून कितीदा मला हाक मारली असेल. ज्या नावासाठी ती झुरत होती तेच नाव ती तोंडभरून घेत होती. मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण भिंतीकडची जागा सोडून झोपणाऱ्या त्या पोराला जसं वाटायचं तसंच वाटलं, की सोबत आहे.

सुनेनं चहा आणून ठेवला. कुणी कप उचलला नाही. आईनं आत्याच्या हातातून कुंची घेतली, बंद सोडले आणि आतला बोळा काढून बाजूला ठेवला. मग कुंची तोंडाजवळ नेली, कानात सांगतात तशी.

"विलास," तिनं हाक मारली.

मी तिच्या समोरच उभा होतो. ओ दिली नाही.